गावातली शहीद फेरी आणि मानवंदना: २६ जुलैची तयारी कशी करायची, कोणत्या क्रमाने

कारगिल विजय दिवस आला की गावोगावचे व्हिडिओ फिरायला लागतात आणि त्यात दरवर्षी त्याच चुका दिसतात. पाहुणे यायचेत म्हणून वीरमाता पाऊण तास पावसात उभी, फ्लेक्सवर शहिदाचं नाव चुकलेलं, मौन चालू असताना सूत्रसंचालक माईकवर बोलतोय, मागे डीजेची चाचणी चाललीय. कुणी मुद्दाम करत नाही हे, पण आठ दिवस आधी मीटिंग घेतली की असंच होतं. सातारा, सांगली, कोल्हापूर, कोकण, नगर या पट्ट्यात अपशिंगे मिलिटरीसारखी घरटी फौजी असलेली गावं आहेत, तशी एकच जवान गमावलेली छोटी गावंही आहेत, आणि खालचा क्रम दोन्हीकडे चालतो. १६ डिसेंबरला, म्हणजे १९७१ च्या विजय दिवसाला, किंवा शहिदाच्या स्मृतिदिनाला कार्यक्रम करत असाल तरी हेच, फक्त तारीख बदला. तारीख मात्र एकदा ठरली की दरवर्षी तीच ठेवा, पाहुण्यांच्या सोयीने पुढंमागं करू नका.

१. नावांची यादी (दोन महिने आधी)

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण बाकीची चूक लोक विसरतात, पण दगडावर किंवा माईकवर चुकलेलं नाव त्या घरातला कुणीच विसरत नाही.

प्रत्येक शहिदासाठी एक पान करा. पूर्ण नाव, सर्व्हिस नंबर, हुद्दा, युनिट, वीरगती मिळाल्याची तारीख, ठिकाण, ऑपरेशनचं नाव आणि मिळालेलं पदक, एवढं हवं. हे "आम्हाला माहितीये" म्हणून भरायचं नाही, घरच्यांकडे रेकॉर्ड ऑफिसचं पत्र असतं ते बघून भरायचं, नाहीतर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारायचं. स्वातंत्र्यानंतरच्या, सैन्यदलांतल्या शहिदांची नावं दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकाच्या भिंतींवर कोरलेली आहेत आणि त्यांच्या वेबसाईटवरही शोधता येतात, तिथे एकदा ताडून घ्या.

ऑपरेशनचा घोळ हमखास होतो. कारगिल म्हणजे ऑपरेशन विजय. सियाचीनला गेलेला जवान ऑपरेशन मेघदूतमधला, श्रीलंकेत गेलेला ऑपरेशन पवनमधला, काश्मीरमध्ये अतिरेक्यांशी लढताना गेलेला बहुतेक वेळा ऑपरेशन रक्षकमधला. २६ जुलैचा कार्यक्रम आहे म्हणून सगळ्यांना "कारगिलचे शहीद" म्हणून मोकळं व्हायचं नाही, घरच्यांना ते लागतं आणि ते चूकही आहे. सीआरपीएफ, बीएसएफमधले जवान असतील तर त्यांची नावं त्याच यादीत, त्याच मानाने घ्या, फक्त दलाचं नाव बरोबर लिहा, "भारतीय सेना" असं सरसकट छापू नका.

पदकांचंही तसंच. परमवीर, महावीर आणि वीर चक्र ही शत्रूसमोरच्या शौर्यासाठी, अशोक, कीर्ती आणि शौर्य चक्र ही त्याव्यतिरिक्तच्या शौर्यासाठी, आणि सेना मेडल वेगळं. सेना मेडल मिळालेल्याला माईकवरून "वीर चक्र विजेते" म्हटलं तर समोर बसलेल्या माजी सैनिकांना लगेच कळतं, आणि घरच्यांना उगाच कानकोंडं व्हायला होतं.

काही गावांत इंग्रजांच्या काळचा १९१४-१९ चा दगडी फलक असतो. त्यावर गावातून किती माणसं महायुद्धाला गेली आणि किती परत आली नाहीत एवढा आकडाच असतो, नावं नसतात. ती शोधायची असतील तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या वेबसाईटवर पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धातल्या भारतीय सैनिकांच्या नोंदी आहेत. तिथे आडनावाने शोधलं तर बऱ्याचदा काही सापडत नाही, कारण नोंद नुसत्या नावाने, बापाच्या नावासकट केलेली असते आणि स्पेलिंग त्या काळच्या साहेबाच्या कानाला आलं तसं. त्यामुळे गावाचं आणि तालुक्याचं नाव दोन-चार प्रकारे टाकून बघा, मराठा पलटणीच्या नावाने गाळून बघा. बरेच जण मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेले, त्यांच्या नोंदी बसऱ्याच्या स्मारकाखाली येतात. सापडलेलं नाव लगेच गावच्या शहीद स्तंभावर कोरायला टाकू नका, गावातल्या भावकीत विचारा, एकाच नावाची दोन माणसं असू शकतात.

नावांचा क्रम तारखेनुसार लावा. हुद्द्याने लावलात तर सुभेदार वर आणि शिपाई खाली जातो, वाड्यावस्तीप्रमाणे लावलात तर भांडण होतं. तारखेवर कुणी बोट ठेवत नाही.

*तपासा:* यादी छापायच्या आधी प्रत्येक घरी जाऊन मोठ्याने वाचून दाखवा आणि त्या पानावर घरच्यांची सही घ्या. व्हॉट्सअॅपवर पाठवून "ओके" घेतलं तर ते चालणार नाही, आजीला मोबाईलवर वाचता येत नाही आणि नातू न वाचता अंगठा पाठवतो.

२. घरच्यांना भेट (दीड महिना आधी)

प्रमुख पाहुणे ठरवायच्या आधी शहिदांच्या घरी जायचं. आमदार साहेबांची तारीख मिळाली का, इथून मीटिंग सुरू झाली तर पुढचं सगळं त्याच हिशोबाने होतं.

जाताना सरपंच किंवा उपसरपंच, एक माजी सैनिक आणि एक बाईमाणूस असावं. घरी काय विचारायचं ते आधी ठरवून जा:

- कोण कोण येणार, आणि पुष्पचक्र कोण वाहणार?
- फेरीत चालता येईल का, की गाडीत बसवायचं?
- बोलायचं आहे का? नको म्हणाले तर परत विचारायचं नाही. ऐन कार्यक्रमात माईक हातात देणं तर अजिबात नाही.
- कोणता फोटो वापरायचा?

आई-वडील एका घरी आणि वीरपत्नी दुसरीकडे असं बऱ्याचदा असतं, कधी संबंधही तुटलेले असतात. कमिटीने त्यात पडायचं नाही. दोन्ही घरांना स्वतंत्र आमंत्रण, दोन स्वतंत्र पुष्पचक्रं, बसायची जागा दोन्ही टोकांना. वीरपत्नीने पुन्हा लग्न केलं असेल तरी आमंत्रण जायलाच हवं, यायचं की नाही ते त्या ठरवतील.

फोटो घरातून आणलात तर त्याच दिवशी स्कॅन करून परत द्या. भिंतीवरचा एकमेव फोटो फ्लेक्सवाल्याच्या दुकानात महिनाभर पडून राहतो आणि पावसाळ्यात त्याला बुरशी धरते.

३. परवानग्या आणि पत्रं (एक महिना आधी)

ग्रामपंचायतीचं पत्र घेऊन पोलीस स्टेशनला दोन अर्ज द्या, एक फेरीचा मार्गासकट आणि एक लाऊडस्पीकरचा. त्या काळात जिल्ह्यात जमावबंदीचा आदेश असू शकतो, म्हणून परवानगी तोंडी आहे म्हणून बसू नका, शिक्क्याची प्रत हातात ठेवा. मार्गावर दवाखाना असेल तर त्याच्या आजूबाजूला १०० मीटर शांतता क्षेत्र धरलं जातं, तिथून जाताना वाद्य बंद.

प्राथमिक आरोग्य केंद्राला रुग्णवाहिकेसाठी पत्र द्या. शाळांना मुख्याध्यापकांच्या नावाने पत्र, किती मुलं, किती वाजता, परत कधी सोडणार हे लिहून. पहिली ते चौथीची पोरं फेरीत आणू नका, पावसात उभी राहून चक्कर येते त्यांना.

बिगुल वाजवणारा आणि सलामीची तुकडी हवी असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत विनंती करा, जवळच्या कॉलेजच्या एनसीसीला विचारा. मिळेलच असं धरून चालू नका. मौनाआधीची लास्ट पोस्ट आणि मौनानंतरची राऊज या बिगुलाच्या दोन्ही धून पेनड्राईव्हवर वेगवेगळ्या फाईल करून ठेवा. ऐन वेळी यूट्यूबवरून लावलं की मौनाच्या आधी जाहिरात वाजते.

⚠ हवेत गोळीबार, बंदुकीच्या बाराची नक्कल, फटाक्यांची माळ, यातलं काहीही नको. घरात लष्करी इतमामाने अंत्यसंस्कार पाहिलेल्या माणसांसमोर तो आवाज काय करतो याचा विचार करा.

४. स्तंभ, काठी आणि झेंडा (आठ-दहा दिवस आधी)

स्तंभ घासायला ॲसिड वापरू नका, संगमरवराची चकाकी कायमची जाते. साधा साबण, पाणी आणि काथ्याचा ब्रश पुरे. अक्षरांतला रंग उडाला असेल तर पुन्हा भरताना ज्याला नीट वाचता येतं अशाच माणसाला यादी हातात देऊन बसवा, पेंटर अंदाजाने "जाधव"चा "जाघव" करून टाकतो. जुलै आहे, पायऱ्यांवर शेवाळ असणार, ते खरवडून काढा आणि कार्यक्रमाच्या सकाळी पायऱ्यांवर कोरडं गोणपाट नाहीतर काथ्याची चटई टाका. ऐंशीच्या आसपासची वीरमाता त्या पायऱ्या चढणार आहे.

झेंड्याच्या बाबतीत लोक सगळ्यात आत्मविश्वासाने चुका करतात. ध्वजसंहिता २००२ ची आहे आणि राष्ट्रीय प्रतिष्ठेच्या अवमानाचा कायदा १९७१ चा, त्यामुळे हे नीट वाचा:

- लांबी-रुंदी ३:२. सुती, खादी, लोकर, रेशीम, आणि डिसेंबर २०२१ च्या बदलानंतर पॉलिस्टरचाही चालतो. प्लॅस्टिकचा नाही.
- अनावरण आहे म्हणून पुतळ्यावर किंवा स्तंभावर तिरंगा झाकून ठेवायचा नाही. पांढरं किंवा भगवं साधं कापड घ्या. ही चूक फार गावांत होते.
- ट्रॅक्टरच्या, जीपच्या बॉनेटवर किंवा टपावर तिरंगा पसरायचा नाही.
- झेंड्यावर काहीही लिहायचं नाही, मंडळाचं नाव तर नाहीच. आत फुलांच्या पाकळ्या ठेवता येतात, चमकी किंवा कागदाचे तुकडे नाही.
- त्याच काठीला दुसरा झेंडा नाही, आणि शेजारी दुसरा कोणताही झेंडा तिरंग्यापेक्षा उंच किंवा बरोबरीने नाही.
- शहीद दिन आहे म्हणून झेंडा अर्ध्यावर उतरवायचा नाही. ते फक्त सरकारी आदेशानेच होतं.

*तपासा:* आदल्या दिवशी दोरी, कप्पी आणि गाठ प्रत्यक्ष झेंडा चढवून बघा. पावसाने फुगलेली दोरी कप्पीत अडकते. केशरी पट्टा वर आहे ना, हे बांधणाऱ्याने एकदा आणि दुसऱ्या माणसाने एकदा बघायचं.

५. फेरी

मार्ग किलोमीटरभराच्या आतच ठेवा आणि जमेल तितक्या शहिदांच्या घरांवरून न्या. घरासमोर फेरी अर्धा मिनिट थांबते, नाव घेतलं जातं, पुढे निघते. एवढंच. तिथे भाषण नाही, हार नाही. वेळ सकाळी ८ ची धरा, कारण जुलैत भातलावणी चालू असते आणि उशीर झाला की माणसं शेतावर निघून जातात.

चालायचा क्रम असा:

१) सगळ्यात पुढे तिरंगा, एनसीसीच्या किंवा माजी सैनिकाच्या हातात. बरोबर इतर झेंडे असतील तर तिरंगा चालणाऱ्यांच्या उजव्या हाताला, किंवा बाकीच्यांच्या रांगेच्या मधोमध पुढे.
२) शहिदांच्या फोटोंची एक गाडी. एकच. प्रत्येक मंडळाची वेगळी गाडी झाली की मग स्पर्धा लागते.
३) शहिदांची कुटुंबं. जे चालत आहेत ते आणि त्यांच्या मागे छप्पर असलेली गाडी.
४) माजी सैनिक, मग सुट्टीवर आलेले जवान.
५) एनसीसी, शाळा.
६) गावकरी आणि पाहुणे.
७) रुग्णवाहिका.

पाहुणे सहाव्या नंबरवर आहेत हे बघून कमिटीत कुरबुर होते. त्यांना आधीच फोन करून सांगा, बहुतेक जण समजून घेतात. न समजणारा पाहुणा बोलावायची गरज नाही.

वेग सगळ्यात सावकाश चालणाऱ्या आजीच्या पावलाने. बाईक रॅली यात घुसवू नका, ती हवीच असेल तर आदल्या संध्याकाळी वेगळी काढा. लेझीम, हलगी फेरीच्या सुरुवातीला ठीक आहे, पोरांना भाग घेतल्यासारखं वाटतं, पण स्तंभाच्या अलीकडच्या चौकात वाद्यं आणि घोषणा दोन्ही थांबल्या पाहिजेत आणि तिथून पुढे सगळ्यांनी मुक्याने चालायचं. त्या चौकात एक खमका माजी सैनिक हात वर करून उभा करा, माईकवरून सांगून कुणी ऐकत नाही.

कपड्यांचं: माजी सैनिक ब्लेझर किंवा साधा पांढरा शर्ट आणि आपापली टोपी, स्वतःची मेडल्स छातीवर डावीकडे. शहिदाची मेडल्स घरच्यांनी लावली तर ती उजवीकडे. शाळेच्या पोरांना बाजारातले कॉम्बॅट छापाचे कपडे घालून नकली बंदुका देऊ नका.

६. मानवंदना, मिनिटामिनिटाने

आमंत्रणपत्रिकेवर जी वेळ छापलीय त्या वेळेला सुरू करायचं, पाहुणा आला नाही तरी. हे आधीच्या मीटिंगमध्ये ठराव करून ठेवा म्हणजे त्या दिवशी कुणावर येत नाही.

कुटुंबांना आधी बसवा, छपराखाली, पहिल्या रांगेत, खुर्च्यांवर नावाच्या चिठ्ठ्या लावून. स्टेज स्तंभाच्या पुढे बांधू नका, बाजूला बांधा, नाहीतर पाहुण्यांची पाठ स्तंभाकडे होते.

मग हा क्रम:

ध्वजारोहण. झेंडा भरभर चढवायचा. गावातल्या सगळ्यात ज्येष्ठ माजी सैनिकाच्या किंवा वीरमातेच्या हस्ते करा.

नामवाचन. माजी सैनिकाने वाचावं, सूत्रसंचालकाने नको. हुद्दा, नाव, पलटण, तारीख, ठिकाण आणि थांबायचं. दोन नावांमध्ये एक श्वास. मध्ये शेर, चारोळी, "ऐ मेरे वतन"ची धून, काही नाही. नाव पुकारल्यावर त्या घरचं माणूस उभं राहतं हे आधी सांगून ठेवा.

पुष्पचक्र. आधी कुटुंबं, मग माजी सैनिक, मग सेवेतले जवान आणि पोलीस, मग सरपंच आणि पाहुणे, शेवटी शाळेतर्फे दोन मुलं. दोन मुलांनी चक्र धरून पुढे जायचं, वाहणाऱ्याने ते स्टँडवर ठेवायचं, एक पाऊल मागे, क्षणभर स्थिर, नमस्कार किंवा गणवेशात असेल तर सॅल्यूट, आणि बाजूने निघायचं. आत आणि बाहेरची वाट वेगळी आखा, चुन्याची रेघ मारा. फोटोसाठी चक्र धरून कॅमेऱ्याकडे बघत उभं राहणं बंद करायला लागेल, फोटोग्राफरला कोपऱ्यातली जागा ठरवून द्या. चक्रावरच्या चिठ्ठ्या शाईने लिहू नका, पाण्याने ओघळतात. चपला-बुटांवरूनही दरवर्षी गोंधळ होतो: नागरिकांनी पायरीपाशी काढायच्या, गणवेशातल्यांनी नाही, आणि तसा बोर्ड लावा.

लास्ट पोस्ट, मौन, राऊज. पुष्पचक्रं झाली की सगळे उभे. लास्ट पोस्ट संपली की मौन आपोआप सुरू होतं, "आता आपण दोन मिनिटं" वगैरे सांगायचं नाही, ते आधीच सांगून झालेलं असावं. पूर्ण १२० सेकंद, घड्याळ हातात घेतलेला एक माणूस नेमा. चाळीस सेकंदांत उरकणारी गावं बघितलीत, लोक अस्वस्थ होतात म्हणून. होऊ द्या. राऊज वाजली की मौन संपतं.

राष्ट्रगीत. ५२ सेकंदांचं पूर्ण, सगळ्यांनी म्हणायचं.

⚠ मौनानंतर टाळ्या नाहीत. मौनात माईक बंद म्हणजे स्विच बंद, नुसता हाताने झाकलेला नव्हे. जनरेटर मांडवापासून लांब.

*तपासा:* आदल्या संध्याकाळी बिगुल, नामवाचन आणि पुष्पचक्र याची पूर्ण रंगीत तालीम, छत्र्यांसकट.

७. सन्मान आणि भाषणं

हे सगळं मानवंदनेनंतर, आणि शक्यतो शाळेच्या हॉलमध्ये. भाषणं तीन, प्रत्येकी पाच मिनिटं, त्यातलं एक माजी सैनिकाचं. स्तंभासमोर भाषण ठेवलं की ते निवडणुकीकडे वळतं.

सन्मानात एक गोष्ट मनापासून सांगायचीय. स्वागताला औक्षण, हळदीकुंकू चालू असतं, ताट घेतलेल्या बाया रांगेत येतात आणि वीरपत्नीपाशी आल्या की तिला ओलांडून पुढच्या बाईला कुंकू लावतात. जिच्या नवऱ्यासाठी कार्यक्रम केला तिला त्याच मांडवात बाजूला सारतात. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्यानंतर शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. तुमच्या गावाने ठराव केला नसला तरी कमिटीतल्या बायकांशी आधी बोला, वीरपत्नीशीही बोला. त्यांना चालत असेल तर सगळ्यांच्या आधी त्यांना कुंकू लावा, नको असेल तर त्या दिवशी कुणालाच लावू नका, सगळ्यांना गुलाबाचं फूल द्या.

भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ आणि शोकेसमधली ट्रॉफी देऊन घरं भरलीत. त्यापेक्षा पेन्शनचं, जमिनीचं, मुलीच्या फीचं कुठलं काम अडलंय ते विचारा आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या माणसाला त्या दिवशी टेबल टाकून बसवा. कागद पुढे सरकला तर वर्षभर आठवण राहते.

८. आटोपतं घेताना

झेंडा कोण उतरवणार हे नाव सकाळीच लिहून ठेवा. जुलै २०२२ पासून रात्रीही फडकत ठेवायची मुभा आहे, पण उतरवायचा असेल तर सावकाश उतरवा, जमिनीला लागू देऊ नका, आणि ओला घडी करून पेटीत टाकू नका, आधी सावलीत सुकवा. फाटका झाला तर तो कचऱ्यात जात नाही, एकांतात मानाने पूर्ण जाळून नष्ट करायचा. पोरांच्या हातातले कागदी झेंडे शाळेच्या दारात एक टोपलं ठेवून गोळा करा, रस्त्यावर एकही राहता कामा नये.

पुष्पचक्रं तिसऱ्या दिवशी उचला, कुजेपर्यंत ठेवू नका. फोटो, मेडल्स, फ्रेम ज्याची त्याच्या घरी त्याच संध्याकाळी, यादीवर टिक करून. वर्गणीचा हिशोब आठ दिवसांत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर.

आणि पहिल्या टप्प्यातली ती पानं, सह्यांसकट, एका फाईलमध्ये घालून ग्रामपंचायतीत ठेवा, दुसरी प्रत शाळेत. कमिटी दरवर्षी बदलते, पुढच्या जूनमध्ये नवीन पोरं नावं गोळा करायला बसतील तेव्हा त्यांना फ्लेक्सवरून नावं उतरवून घ्यायला लागू नयेत.